खुराकाचा हिशेब: टेनिसच्या तळच्या पायरीवरची चार वर्षे

बारावीनंतर मी व्यावसायिक टेनिस खेळायचे ठरवले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांनी वडिलांना एकच प्रश्न विचारला होता, "पोराचा खुराक कोण घालणार?" ज्या गावात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि खासबागेचे मैदान उभे केले, त्या कोल्हापुरात दूध, तूप, बदाम यांची सोय आधी पाहतात आणि मगच पोराला आखाड्यात उतरवतात. मी तो प्रश्न हसण्यावारी नेला. त्याचा अर्थ कळायला मला चार वर्षे आणि वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतली बरीच रक्कम खर्ची घालावी लागली.

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या एम १५ स्पर्धा. एकूण बक्षीस १५,००० डॉलर हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण तो एकेरी आणि दुहेरीच्या खेळाडूंत वाटला जातो तेव्हा एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात आणि मुख्य फेरीतला पहिलाच सामना हरणाऱ्याला १५६ डॉलर, म्हणजे साधारण १३ हजार रुपये. बहुतेक ठिकाणी त्यातूनही कर कापला जातो. पात्रता फेरीत हरलात, तर हाती काहीच येत नाही. मुख्य फेरीत पहिला सामना जिंकून दुसरा हरलात, तर क्रमवारीचा एक गुण मिळतो आणि तोही ५२ आठवड्यांनी गळून पडतो.

ट्युनिशियातील मोनास्टिर किंवा तुर्कस्तानातील अंताल्या येथे अशा स्पर्धा आठवड्यामागून आठवडे भरतात, त्यामुळे एका विमानतिकिटात तीन-चार स्पर्धा खेळता येतात, हे गणित मला फार हुशारीचे वाटले होते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठून मी मोनास्टिरला गेलो आणि पहिल्या दोन आठवड्यांत पात्रता फेरीतच हरलो. राहिलेले दिवस सरावासाठी जोडीदार शोधण्यात गेले, कारण प्रशिक्षक सोबत नेण्याची ऐपत नव्हती. खोलीचे भाडे ज्याच्याबरोबर वाटून घेतले होते, त्याच्याशीच तिसऱ्या आठवड्यात सामना पडला आणि हरल्यावर पुन्हा त्याच खोलीत झोपावे लागले. गटिंगचा, म्हणजे रॅकेटच्या तारा नव्याने विणून घेण्याचा, खर्च परवडेना म्हणून रॅकेट स्वतः विणायला शिकलो. चार वर्षांतली ही एक गुंतवणूक मात्र निश्चित फळाला आली.

महासंघाच्याच पाहणीनुसार २०१३ साली प्रशिक्षकाचा खर्च सोडूनही जमाखर्चाची तोंडमिळवणी व्हायची, ती पुरुषांत सुमारे ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या क्रमांकापाशी. माझ्या मते नवोदिताने शंभराच्या आतले स्वप्न जरूर पाहावे, पण हिशेब अडीचशेचा मांडावा. त्या क्रमांकाच्या आसपास ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीचे दार उघडते, आणि २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रतेचा पहिला सामना हरणाऱ्यालाही ३१,२५० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले होते. भारताचा तेव्हाचा अव्वल खेळाडू सुमित नागल याने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या खात्यात ९०० युरो उरल्याचे सांगितले होते. चार महिन्यांनी तो त्याच ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता पार करून मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवून दुसऱ्या फेरीत गेला आणि १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा धनी झाला. खरा पैसा वरच्या पायरीवरच आहे, म्हणून देशातल्या स्पर्धांत उपांत्यपूर्व फेरी सातत्याने गाठल्याशिवाय परदेशवारी करू नये, असे मी आता आग्रहाने सांगतो.

एक गोष्ट पालकांना सहसा कोणी सांगत नाही. तिसऱ्या वर्षी मला मोबाइलवर अनोळखी माणसाचा संदेश आला की दुसरा सेट सोडलास, तर विजेत्याच्या बक्षिसापेक्षा अधिक रक्कम देतो. त्या आठवड्यात परतीच्या तिकिटाचे पैसे मी मित्राकडून उसने घेतले होते, त्यामुळे तो संदेश मी लगेच पुसून टाकला असे म्हणणे खोटे ठरेल. मी तो रात्रभर वाचत होतो. सकाळी स्पर्धेच्या पर्यवेक्षकांना दाखवला. अशी विचारणा झाल्याचे न कळवणे हाही नियमानुसार गुन्हाच आहे आणि तळच्या स्पर्धांतल्या अनेक खेळाडूंची कारकीर्द अशा प्रकरणांत संपली आहे.

प्रायोजकांविषयी थोडक्यात इतकेच, की तोंडी आश्वासनावर तिकीट काढू नये. एका कारखानदारांनी सत्कारात शाल-श्रीफळ दिले, वर्षाच्या खर्चाचा शब्द दिला आणि नंतर फोन उचलला नाही.

अमेरिकी विद्यापीठांची क्रीडा शिष्यवृत्ती हा मार्ग मात्र अकरावीतच तपासावा. तिथे शिक्षण, प्रशिक्षक, मैदान आणि सामने एकाच छताखाली मिळतात आणि पदवीनंतर बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी व्यावसायिक टेनिसकडे वळता येते. बारावीनंतर स्पर्धा खेळत वर्षे घालवली, तर तिथली खेळण्याची पात्रता कमी होत जाते. मला हे कळले तेव्हा मी विसाव्या वर्षात होतो आणि मोनास्टिरची दुसरी वारी ठरली होती.