धोबी की तुतवार? अंबाझरीच्या काठावर ओळखायचं कसं

हिवाळ्यात नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या ओल्या दगडांवर दोन पक्षी हमखास शेपटी हलवत फिरताना दिसतात: थोरला धोबी आणि तुतवार. लांबी जवळपास सारखीच, 20-21 सेंटिमीटर. पण धोबी गाणाऱ्या पक्ष्यांतला आणि तुतवार चिखलात खाद्य टिपणाऱ्या किनारपक्ष्यांतला. माझी भाची शेपटी हलली की लगेच "धोबी!" म्हणते. म्हणून तिला मी आधी शेपटी सोडून बाकीचं बघायला लावते.

सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहा. सूर्य पाठीशी असतो, रंग खुलून दिसतात. धोब्याचं डोकं, गळा, पाठ काळी आणि डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. तुतवार वरून मातकट, खालून पांढरा. पोटाचा पांढरा रंग पंखाच्या पुढून खांद्याकडे वर चढलेला असतो. ही खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते. चोचही पाहा: धोब्याची बारीक, आखूड, तुतवाराची सरळ, जवळपास डोक्याएवढी लांब.

आता शेपटी. धोब्याची लांब असते आणि तीच वरखाली होते. तुतवाराची आखूड, त्याचं मागचं अख्खं अंगच डुलतं.

तरीही अडलं तर उडेपर्यंत थांबा. जवळ जाऊन उडवू नका, त्याचं खाणं मोडतं. धोबी हवेत वर-खाली हेलकावे घेत जातो. तुतवार पाण्याला खेटून, ताठ वाकवलेले पंख भराभर थरथरवतो, मध्येच तरंगतो आणि बारीक 'ती-ती-ती' करतो.

गाणं ऐकायचं तर उन्हाळा लागताना पहाटे या. धोबी उंच जागी बसून लांबलचक, गोड शीळ घालतो. गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात. तुतवाराला त्याची हाक उपजतच येते. पिल्लांतही असाच फरक आहे. धोब्याची पिल्लं जन्मतः आंधळी, घरट्यात भरवावी लागतात. तुतवाराची काही तासांतच धावू लागतात, पण ती बघायला काश्मीर-लडाखकडे जावं लागेल. आपल्याकडे तो अंडी घालत नाही.

एक सांगायचं राहिलं. हिवाळ्यात पांढरा धोबीही येतो. त्याचं कपाळ आणि चेहरा पांढरा असतो, म्हणून नाव लिहिण्याआधी काळ्या डोक्यावरची भुवई तपासा.