बीटल्सचा निरोपाचा अल्बम कसा ऐकावा: 'ॲबी रोड'साठी वाटाड्या

बीटल्सचा शेवटचा अल्बम कोणता, यावर चाहत्यांमध्ये हमखास जुंपते, कारण उत्तरं दोन आहेत आणि दोन्ही बरोबर. बाजारात सर्वांत शेवटी आला तो 'लेट इट बी', ८ मे १९७० रोजी. पण त्यातला बराचसा ऐवज जानेवारी १९६९ मध्येच मुद्रित झाला होता. त्यानंतर त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात चौघं (जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार) ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या लंडनमधल्या स्टुडिओत पुन्हा जमले आणि 'ॲबी रोड' केला. तो २६ सप्टेंबर १९६९ ला आला. म्हणजे जो आधी आला तो नंतर केलेला. माझ्या मते ऐकणाऱ्यासाठी निरोपाचा अल्बम 'ॲबी रोड'च, आणि हा लेख तो कसा ऐकायचा याबद्दल आहे. तुम्हाला बीटल्सची चार-पाच गाणी कानावरून गेलेली असतील, एवढंच गृहीत धरलं आहे.

पायरी १: आधी मोबाइलची सेटिंग नीट करा

हसू नका, अर्धं काम इथेच आहे. सतरा गाणी, सुमारे ४७ मिनिटं, आणि क्रम बदलला की सगळा डाव विस्कटतो. म्हणून शफल बंद करा. ॲपमध्ये 'क्रॉसफेड' नावाची सोय असते, ती शून्यावर आणा. ती चालू असेल तर एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळतो आणि या अल्बममधला सर्वांत धाडसी शेवट मातीमोल होतो. उलट 'गॅपलेस' असेल तर ते चालू हवं, कारण उत्तरार्धातली गाणी एकमेकांना चिकटलेली आहेत. फुकटच्या खात्यावर मधेच साबणाची जाहिरात येणार असेल, तर सरळ कुणाकडून सीडी किंवा रेकॉर्ड मागून आणा.

ॲपवर दोन आवृत्त्या दिसतील. '२००९ रीमास्टर' म्हणजे मूळचंच मिश्रण, साफसूफ केलेलं. '२०१९ मिक्स' म्हणजे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स याने पन्नास वर्षांनिमित्त मूळ टेपवरून नव्याने केलेलं मिश्रण. पहिल्यांदा २००९ चं ऐका. नवं जास्त खुललेलं आहे, पण १९६९ मध्ये लोकांनी जे ऐकलं ते आधी कानात बसू द्या.

आणि हेडफोन वापरा. मोबाइलच्या स्पीकरवर पॉल मॅकार्टनीचा बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, ऐकूच येत नाही, आणि बास गेला की हा अल्बम निम्मा गेला.

पायरी २: भांडण समजून घ्या, पण त्यात अडकू नका

जानेवारी १९६९ मध्ये चौघं ट्विकनहॅमच्या फिल्म स्टुडिओत कॅमेऱ्यांसमोर तालमी करत होते. वातावरण इतकं बिघडलं की जॉर्ज हॅरिसन मधूनच उठून गेला, काही दिवसांनी परतला. मग मुक्काम सॅव्हिल रोवरच्या त्यांच्या कंपनीच्या तळघरात हलला, बिली प्रेस्टन कीबोर्डला आला आणि ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर त्यांनी शेवटचं जाहीर वादन केलं. त्या टेप पडून राहिल्या. वर्षभराने निर्माता फिल स्पेक्टरने त्यातल्या काही गाण्यांवर व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस चढवला, मॅकार्टनीला न विचारता. पुढे बीटल्सची भागीदारी मोडण्यासाठी मॅकार्टनी कोर्टात गेला, तेव्हा ही तक्रारही त्याने मांडली.

या दोन्हींच्या मधे 'ॲबी रोड' येतो. पैशांचा कारभार कुणी बघायचा यावरून फाटलेलंच होतं. तिघांना ॲलन क्लाइन हवा होता, पॉलला आपले सासरे आणि मेहुणा. तरी पॉलने जॉर्ज मार्टिनना फोन केला: पूर्वीसारखा एक अल्बम करू या. मार्टिन म्हणाले, मलाही पूर्वीसारखं काम करू देणार असाल तर, आणि जॉनसकट सगळ्यांना ते मान्य असेल तर. मान्य झालं. जुलैच्या सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये जॉन लेननच्या गाडीला अपघात झाल्याने तो काही दिवस आलाच नाही. आला तेव्हा त्याची बायको योको ओनोही सोबत होती, जखमी असल्याने तिच्यासाठी स्टुडिओत चक्क पलंग मांडलेला.

एवढं पुरे. भांडणाचे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ आधी बघत बसलात तर गाण्यांत नुसती चिडचिड शोधाल, आणि ती तिथे फारशी नाही.

पायरी ३: पहिली बाजू, बासच्या मागे मागे

रेकॉर्डच्या दोन बाजू होत्या आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. सहाव्या गाण्यानंतर थांबायचं, हे आत्ताच ठरवून टाका.

'कम टुगेदर' सुरू झालं की शब्दांकडे लक्ष देऊ नका, ते मुद्दाम अर्थहीन आहेत. बास आणि रिंगो स्टारचे ड्रम यांचं काय चाललंय ते ऐका. मग 'समथिंग'. हे जॉर्जचं. त्याचं गाणं सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या, मुख्य बाजूला येण्याची बीटल्सच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ, तीही गट मोडायला आला तेव्हा. ते दोनदा ऐका. एकदा गाणं म्हणून, आणि दुसऱ्यांदा फक्त बास. मॅकार्टनी खाली जवळजवळ दुसरी चालच वाजवतो, तरी गाणाऱ्याच्या पायात येत नाही. फ्रँक सिनात्राला हे गाणं इतकं आवडायचं की तो कार्यक्रमांत त्याचं कौतुक करायचा, पण श्रेय लेनन-मॅकार्टनीला देऊन मोकळा व्हायचा. जॉर्जच्या नशिबाला हे नेहमीचंच.

'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर' आवडलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. पॉलने ते इतक्या वेळा वाजवून घेतलं की बाकीचे कंटाळले होते, आणि जॉन तर त्यात वाजवायलाही नाही. 'ओ डार्लिंग' मात्र वगळू नका. आवाज खरखरीत लागावा म्हणून पॉल रोज लवकर येऊन, गळा ताजा असताना, एकेकदाच गाऊन बघायचा, मनासारखं उतरेपर्यंत. रिंगोचं 'ऑक्टोपसेस गार्डन' मुलांबरोबर ऐकावं.

आता 'आय वाँट यू'. पावणेआठ मिनिटं. वेगवेगळे शब्द मोजून डझन-दीड डझन, पण उत्तरार्धात तीच गिटारची ओळ फिरत राहते आणि मागून वाऱ्यासारखा घोंघाट चढत जातो. तो मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या वाद्याचा. जॉर्जने हे अवजड यंत्र अमेरिकेतून मागवलं होतं. तेव्हा ते फारच थोड्या संगीतकारांकडे होतं. घोंघाट वाढत वाढत गिटारला गिळायला लागतो, तुम्हाला वाटतं आता हळूहळू विरेल, आणि... कट. लेननने इंजिनिअरला सांगितलं, टेप इथेच काप. तेच ते धाडस, क्रॉसफेडने ज्याची वाट लागते. या गाण्याच्या अंतिम रूपासाठी २० ऑगस्ट १९६९ ला चौघं स्टुडिओत एकत्र आले होते. त्यानंतर ते चौघं एका स्टुडिओत पुन्हा कधीच आले नाहीत.

इथे थांबा. चहा घ्या.

पायरी ४: 'हिअर कम्स द सन'च्या मात्रा मोजा

दुसऱ्या बाजूचं हे पहिलं गाणं. मित्र आणि गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या सरे परगण्यातल्या बागेत, त्याचीच गिटार घेऊन, जॉर्जने हे लिहिलं. हिशेबाच्या बैठकांना दांडी मारून तो तिथे गेला होता. सर्वांना ते साधं, गोड गाणं वाटतं. आता मधला भाग येऊ द्या, जिथे 'सन, सन, सन' असं पुन्हा पुन्हा म्हटलं जातं, आणि मांडीवर ताल धरून बघा. चारचा सरळ ठेका तिथे निसटतो. मोजलंत तर आवर्तन असं भरतं: आधी अकरा, मग आठ, मग सात. अकराच्या आत तीन-तीन-तीन-दोन अशी फोड आहे. तबल्याशी थोडी जरी ओळख असेल तरी कान टवकारतील, कारण तिनाचे तुकडे टाकत ठेक्याला हुलकावणी द्यायची आणि मग अचूक जागेवर यायचं, ही सवय आपल्याकडची आहे.

ती त्याला हवेतून लागलेली नाही. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये जॉर्ज मुंबईत आला, ताजमध्ये उतरला आणि रविशंकरांकडे सतारीचा रियाझ केला. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला आणि एचएमव्हीच्या इथल्या स्टुडिओत त्याने ध्वनिमुद्रण केलं. त्यात शिवकुमार शर्मांचं संतूर आहे. 'ॲबी रोड'वर ना सतार आहे, ना तबला. पण वाद्यं गेली तरी हिशेब राहिला. भारतीय संगीताचा बीटल्सवर प्रभाव म्हटलं की लोक सतारीची गाणी दाखवतात. माझ्या मते खरा प्रभाव इथे आहे, जिथे तो दिसत नाही.

लगेच पुढे 'बिकॉज'. बेथोव्हनच्या 'मूनलाइट सोनाटा'वरून सुचलेलं. जॉन, पॉल आणि जॉर्ज तिघांनी मिळून आपापला सूर गायला आणि मग तेच आणखी दोनदा वरून चढवलं, म्हणजे नऊ आवाज. डोळे मिटून यातला एकच आवाज शेवटपर्यंत पकडून ठेवायचा प्रयत्न करा. मधेच हातून सुटतो.

पायरी ५: सोळा मिनिटांची माळ, जोड शोधत

'यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी'पासून 'दि एंड'पर्यंत आठ गाण्यांची सलग माळ आहे. अर्धवट पडलेली गाणी पॉलने आणि मार्टिन यांनी ओवली. 'मीन मिस्टर मस्टर्ड' आणि 'पॉलिथिन पॅम' ही जॉनने ऋषिकेशच्या आश्रमात लिहिलेली. जॉनला ही माळेची कल्पना कधीच फारशी पटली नाही, उरलंसुरलं जोडून केलेला प्रकार असं तो नंतरही म्हणत राहिला. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण उरलंसुरलं कसं जोडावं, याचा हा वस्तुपाठ आहे.

ऐकताना दोन गोष्टी शोधा. पहिली, जोड. 'यू नेव्हर गिव्ह मी'च्या शेवटी घंटा आणि रातकिडे ऐकू येतात, तो टेपवर केलेला सांधा. मात्र 'पॉलिथिन पॅम' आणि त्यापुढचं गाणं एका दमात वाजवलेलं आहे, तिथे जोडच नाही. दुसरी, परत येणारी चाल. पहिल्या गाण्यात पैशांचं रडगाणं ज्या चालीत येतं, तीच चाल 'कॅरी दॅट वेट'मध्ये उगवते, या वेळी मोठ्या वाद्यमेळासह. त्यातलं ध्रुपद चौघंही गातात, रिंगोसकट.

मग 'दि एंड'. रिंगोला सोलो वाजवायचा तिटकारा होता. इथे त्याचा बीटल्समधला एकमेव ड्रम सोलो आहे, आणि तोही साधासा, ताल न सोडणारा. त्यापाठोपाठ तिघं गिटारवर आळीपाळीने येतात: पॉल, जॉर्ज, जॉन, पुन्हा पॉल, जॉर्ज, जॉन, आणि पुन्हा एकदा. प्रत्येकाला फक्त दोन-दोन बार, म्हणजे चार ठोक्यांची दोन-दोन आवर्तनं. बोटांवर मोजत ऐका, तीन फेऱ्यांत तिघांचे स्वभाव वेगळे कळतात. टोकदार पॉल, सुरेल जॉर्ज, आणि सगळ्यात शेवटी जॉनचा खरबरीत गुरगुराट.

गाणं संपलं तरी बंद करू नका. काही सेकंद शांतता, मग दणकन एक सूर, आणि तेवीस सेकंदांचं 'हर मॅजेस्टी'. हे मुळात माळेच्या मध्यावर होतं. पॉलला ते तिथे नको वाटलं, म्हणून कापून टाकायला सांगितलं. पण बीटल्सचं काहीही फेकायचं नाही अशी सक्त ताकीद असल्याने सहायक इंजिनिअर जॉन कर्लँडरने तो तुकडा टेपच्या शेवटी, मधे कोरी टेप ठेवून, चिकटवला. ऐकल्यावर पॉलला तेच आवडलं. सुरुवातीचा तो दणका म्हणजे 'मस्टर्ड'चा कापलेला शेवट, आणि स्वतःचा शेवटचा सूर मात्र मागेच राहून गेला. २०१९ च्या मोठ्या संचात जुलै १९६९ ची चाचणी आवृत्ती आहे, तिच्यात हे गाणं मूळ जागी ऐकता येतं. ऐकून बघा, पॉलचा निर्णय बरोबर होता.

पायरी ६: पुढे काय उगवलं ते ऐका

वारसा समजून घ्यायचा तर पुस्तकी यादीपेक्षा या तीन रेकॉर्ड ऐका. मेम्फिसच्या बुकर टी. अँड दि एमजीजनी १९७० मध्ये जवळजवळ अख्खा 'ॲबी रोड' आपल्या ऑर्गनच्या ढंगात वाजवला आणि अल्बमला आपल्या स्टुडिओच्या रस्त्याचं नाव दिलं, 'मॅकलमोर अव्हेन्यू'. मुखपृष्ठावर तेही चौघं रस्ता ओलांडताहेत. नीना सिमोनने १९७१ मध्ये 'हिअर कम्स द सन' गायलं, ते इतकं संथ आणि खोल आहे की मूळ गाणं घटकाभर विसरायला होतं. आणि तिसरी, पिंक फ्लॉइडची १९७३ ची 'द डार्क साइड ऑफ द मून'. तीही याच इमारतीत झाली, तिच्यातही गाणी एकमेकांत मिसळतात, आणि तिचा इंजिनिअर ॲलन पार्सन्स 'ॲबी रोड'च्या वेळी तिथेच सहायक म्हणून उमेदवारी करत होता.

यानंतर 'लेट इट बी' ऐकायला हरकत नाही. स्पेक्टरचा थाट नको वाटला तर २००३ मधली 'नेकेड' आवृत्ती आहे.

लंडनला गेलात तर

मुखपृष्ठावरचं झेब्रा क्रॉसिंग आजही वापरात आहे. ८ ऑगस्ट १९६९ ला सकाळी छायाचित्रकार इयन मॅकमिलन शिडीवर चढला, पोलिसाने रहदारी थोपवली, दहा-एक मिनिटांत सहा फोटो निघाले. मुखपृष्ठावर छापलेल्या फोटोत पॉल अनवाणी आहे, त्यावरून तो मेलाय या आवईला जोर चढला. अल्बम इतका गाजला की ईएमआयने स्टुडिओचंच नाव बदलून ॲबी रोड केलं. २०१० मध्ये त्या क्रॉसिंगला वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

तिथे जायचं तर ज्युबिली लाइनने सेंट जॉन्स वूड स्थानकावर उतरा, पुढे पाच-सात मिनिटं चाला. नकाशात 'ॲबी रोड' नावाचं स्थानक दिसेल, तिकडे अजिबात जाऊ नका. ते शहराच्या पूर्व टोकाला आहे आणि फसून आलेल्या बीटल्सप्रेमींसाठी तिथे पाटीच लावलेली आहे. क्रॉसिंगवर फोटो काढायचा तर सकाळी लवकर जा. नंतर बसचालक हॉर्न मारून मारून जीव नकोसा करतात, आणि त्यांचं काही चुकतही नाही.