केळं, काकडी, नासपती: विचित्र पिझ्झा जमवायचा कसा

मला केळ्यावर मिरपूड लागते. बटाट्याचे खारे काप आइस्क्रीममध्ये बुडवून खाताना बघून माझी बहीण एकदा ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली होती. त्यामुळे माझ्या पिझ्झ्यावर काय काय पडतं याचं घरात आता कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटायचं ते मलाच, की कल्पना डोक्यात इतकी झकास वाटत असताना ताटात तिचा चिखल का होतो? बरेच पिझ्झे फेकल्यावर कळलं, की फसले त्यातले बहुतेक चवीनं नाही, पाण्यानं फसले होते. चवीची जुळवाजुळव नंतर करता येते. आधी पाणी काढा.

अननसात वजनाच्या साधारण 86 टक्के पाणी असतं, मशरूममध्ये 90 च्या वर, काकडीत आणि टोमॅटोत 95 च्या आसपास. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत 430 ते 480 अंशांवर पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर येतो, टॉपिंगला रडायला वेळच मिळत नाही. घरचा ओव्हन 250 ला थकतो. आठ-दहा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात सगळं पाणी सुटून थेट तळात मुरतं. म्हणून ओलं काहीही असलं तरी आधी त्याची सोय लावायची. अननस कोरड्या तव्यावर कडा तांबूस होईपर्यंत परतायचा. मशरूम मोठ्या आचेवर, मीठ शेवटी. बटाटा कागदासारखा पातळ चिरून तासभर मिठाच्या पाण्यात ठेवायचा आणि मुठीत घट्ट पिळायचा. बटाट्याचा पिझ्झा ऐकून नाक मुरडणाऱ्यांसाठी: रोममध्ये तो रोजचा आहे, सॉस नाही, नुसतं ऑलिव्ह तेल आणि रोझमेरी.

तळाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात विचित्र काही नाही. 250 ग्रॅम मैदा, 160 मिली पाणी, 5 ग्रॅम मीठ, चिमूटभर कोरडं यीस्ट. मळून फ्रीजमध्ये एक दिवस. यात 25 सेंटीमीटरचे दोन होतात. ओव्हनमध्ये जाड लोखंडी ट्रे उलटा घालून अर्धा-पाऊण तास तापवायचा आणि पिझ्झा त्यावर सरकवायचा. एका पिझ्झ्याला सॉस तीन चमचे, चीज 80 ग्रॅम, बाकी सगळं मिळून 100 ग्रॅमच्या वर नाही. हात आखडायला मला फार दिवस लागले. पाच आवडत्या गोष्टी एकत्र टाकल्या की पाचपट चांगलं लागेल असं वाटतं, आणि लागतं ते कालच्या उरल्यासुरल्यासारखं. दोन टॉपिंग, फार तर तीन.

आता जुळवणी. माझा हिशेब साधा आहे. चीज म्हणजे स्निग्ध आणि थोडं खारट, सॉस म्हणजे आंबट. वर गोड येणार असेल तर त्याच्यासोबत चांगलं खारट हवं. वर आंबट येणार असेल तर टोमॅटो सॉस काढून टाकायचा. वर पिठूळ येणार असेल तर काहीतरी कुरकुरीत किंवा तिखट हवंच, नाहीतर पिठावर पीठ. एवढं जमलं की पदार्थ कुठला आहे याला फारसं महत्त्व उरत नाही. आणि अख्खा पिझ्झा पणाला लावायची गरजही नाही: ब्रेडच्या एका तुकड्यावर सॉस, चीज आणि नवं टॉपिंग ठेवून ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं भाजा. दुसरा घास घ्यावासा वाटला तरच पुढे जा. पहिला घास मी मोजत नाही, तो कुतूहलाचा असतो.

केळ्याचा पिझ्झा मी सगळ्यात जास्त वेळा केलाय, म्हणून तो सविस्तर. ही माझी अक्कल नव्हे. स्वीडनमध्ये केळं आणि करी पावडर घातलेला पिझ्झा साध्या पिझ्झेरियांतही मिळतो, कधी त्यावर शेंगदाणेही असतात. केळं पिवळंधमक पण घट्ट घ्यायचं. सालीवर तपकिरी ठिपके आले असतील तर ते खाऊन टाका आणि दुसरं शोधा. काप बोटाएवढ्या जाडीचे. पातळ केले की ओव्हनमध्ये विरघळून त्याची खळ होते. ते चीजच्या वर ठेवायचे, खाली नाही, म्हणजे वरून भाजले जातात. करी पावडर कोरडी भुरभुरली तर कच्ची लागते, घशाला खाजते. पाव चमचा पावडर चमचाभर गरम तेलात ढवळायची आणि ते तेल कापांवर थेंबाथेंबानं सोडायचं. नऊ मिनिटांनी कापांच्या कडांना तपकिरी जाळी दिसते आणि मध्य अजून पिवळाच असतो. त्या क्षणी बाहेर. मग खारे भाजलेले शेंगदाणे अर्धवट ठेचून आणि लिंबाचे चार थेंब. शेंगदाणे ओव्हनमध्ये घालू नका, करपून कडू होतात. दाणे आणि लिंबू विसरलात तर तुम्हाला मिळेल ते गोड पिठूळ काहीतरी, आणि मग केळ्याला दोष द्याल.

व्हिनेगरमधल्या काकडीचा पिझ्झा याच्या उलट. टोमॅटो सॉसवर ही काकडी म्हणजे आंबटावर आंबट, दात शिवशिवतात. तिथे घट्ट साय, किसलेला लसूण आणि मीठ एवढंच फासायचं. काकडीच्या चकत्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं वजनाखाली ठेवायच्या. अर्ध्या चीजवर घालून भाजायच्या, अर्ध्या बाहेर काढल्यावर थंडच वर टाकायच्या. भाजलेली काकडी मऊ होते आणि तिचा आंबटपणा चीजमध्ये उतरतो, थंड काकडी दाताखाली कुरकुरते. दोन्ही हव्यात. वर शेपूची कोवळी पानं, मुठीनं नाही, चिमटीनं.

नासपती, ब्लू चीज, अक्रोड: याला मी विचित्र मानत नाही, पण पाहुणे मानतात. मध मात्र ओव्हनमधून काढल्यावर घाला, आधी घातलात तर कडेला वाहून काळा डांबर होतो.

अंडं घालायचं तर शेवटच्या चार मिनिटांत, चीजमध्ये चमच्यानं खळगा करून. बस्स.

अननसाबद्दल न बोलता हा विषय संपवता येत नाही. 1962 साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, चॅटहॅम गावी, सॅम पॅनोपुलोस या मूळच्या ग्रीक हॉटेलवाल्यानं गंमत म्हणून डब्यातला अननस पिझ्झ्यावर टाकला आणि डब्यावरच्या नावावरून त्याला हवाईयन म्हटलं. हवाई बेटांचा त्यात काही हात नाही. 2017 मध्ये आइसलंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुडनी योहानेसन विद्यार्थ्यांपुढे बोलून गेले, की हातात असतं तर अननस घालायला बंदीच केली असती. मग इतका गदारोळ झाला की त्यांना खुलासा करावा लागला: असा अधिकार आपल्याला नाही, आणि नाही तेच बरं आहे.

यातला डब्यातला हा शब्द महत्त्वाचा, हे मी स्वतःच्या हातानं शिकले. एकदा सकाळची घाई नको म्हणून रात्रीच ताजा अननस चिरला, किसलेल्या मोझरेलात कालवला आणि डबा फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी झाकण उघडलं तर चीजचे धागे गायब. बोटाला चिकटणारा बुळबुळीत लगदा, चव कडवट, जिभेवर चुरचुर. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं, आणि चीज म्हणजे बरंचसं प्रथिनच. रात्रभर त्याची मेजवानी चालली होती. डब्यातला अननस आधीच उष्णता दिलेला असतो, त्यामुळे त्यातलं ब्रोमेलेन निकामी झालेलं असतं. ताजाच वापरायचा असेल तर तव्यावर परतण्याचं कारण आता दुहेरी झालं: पाणी जातं आणि ब्रोमेलेनही. किवीतही असाच प्रकार आहे, आणि किवी परतली की तिचं जे होतं ते बघून मी तो नाद सोडला. कलिंगडाचाही सोडलाय. तीनदा केला, तिन्ही वेळा ट्रे घासत बसले.

वाढताना दोन पथ्यं. नवं काही असेल तर अर्धा पिझ्झा साधा ठेवा, म्हणजे कुणी उपाशी उठत नाही. आणि तुकडे लहान कापा. मोठा त्रिकोण हातात आला की माणसाला करार केल्यासारखं वाटतं, दोन बोटांचा तुकडा कुणीही तोंडात टाकतं. नाव आधी सांगायचं की नंतर, यावर आमच्याकडे मतभेद आहेत. कुणाला दाण्यांची वगैरे ॲलर्जी असेल तर ते आधी विचारायचंच, त्यात गंमत नाही. माझ्या भाच्याला ॲलर्जी नाही, म्हणून त्याला मी काही न सांगता केळ्याचा पिझ्झा वाढला. दोन तुकडे झाले, तिसरा हातात घेऊन त्यानं विचारलं, "मावशी, हा बटाटा इतका गोड कसा?" मी सांगितलं. त्यानं तुकडा खाली ठेवला, शेंगदाणे वेचून खाल्ले, थोडा वेळ बघत बसला आणि मग उरलेलं केळंही खाल्लं. आता मात्र तो आमच्याकडे आला की ताटाला हात लावण्याआधी यादी मागतो.