अमेरिकेत कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये काम करायचंय? आधी स्कोअरबुक हातात घ्या

मे महिना आला की मला एकाच छापाचे मेसेज सुरू होतात. ताई, मी स्टेटला सॉफ्टबॉल खेळलेय, आता एमएसला अमेरिकेत येतेय, तिकडे म्हणे मुलींचं कॉलेज सॉफ्टबॉल टीव्हीवर दाखवतात, मग टीममध्ये घेतात का, जॉब असतो का, वर्ल्ड सिरीज बघायला तिकीट कसं काढायचं. प्रत्येकीला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मी मूळची जळगावकडची, शाळेपासून सॉफ्टबॉल, सेकंड बेसला उभी राहायचे, नंतर ओक्लाहोमात डेटा ॲनालिटिक्समध्ये एमएस केलं आणि आता एका युनिव्हर्सिटीच्या ॲथलेटिक्स डिपार्टमेंटमध्ये स्टॅट्सचं काम बघते. कॅलिफोर्निया वगैरेकडचं मला विचारू नका, इथून जे दिसतं तेवढंच सांगतेय.

आधी ही स्पर्धा काय आहे ते, कारण निम्म्या जणींना वाटतं की आपल्या ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीसारखं एखाद्या कॅम्पसवर आठवडाभर सगळ्या टीम्स उतरवतात आणि उरकून टाकतात. तसं नाहीये. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्या सगळ्यात वरच्या गटातल्या म्हणजे डिव्हिजन वनच्या ६४ टीम्स मेच्या मध्यात निवडल्या जातात, मग १६ ठिकाणी चार-चार टीम्सचे रिजनल, तिथून १६ उरतात, त्यांचे सुपर रिजनल म्हणजे दोघींमध्ये तीनपैकी दोन मॅच जिंकायच्या, आणि त्यातून ज्या आठ उरतात त्या ओक्लाहोमा सिटीला येतात. या शेवटच्या आठ टीम्सच्या स्पर्धेलाच विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज म्हणतात. इथे डबल एलिमिनेशन असतं, एक मॅच हरलात तरी जीव शिल्लक असतो, दुसरी हरलात की बॅग भरायची. शेवटी दोन टीम्स उरल्या की फायनल पुन्हा तीनपैकी दोन.

एनसीएएने ही स्पर्धा १९८२ पासून घ्यायला सुरुवात केली, पहिली ओमाहाला झाली आणि यूसीएलए म्हणजे लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी जिंकली. १९९० पासून ती ओक्लाहोमा सिटीतच असते, मध्ये फक्त १९९६ ला जॉर्जियातल्या कोलंबसला गेली होती, आणि २०२० ला कोविडमुळे झालीच नाही. सगळ्यात जास्त टायटल्स अजूनही यूसीएलएची, १२. पण इथे राहायला आलात तर ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या मुलींबद्दलच ऐकावं लागणार, कारण त्यांनी २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं ही स्पर्धा मारली, असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. पॅटी गॅसो १९९५ पासून तिथे कोच आहेत. २०२३ ला त्यांची टीम अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच हरली. त्या वर्षी इथे दुकानदार, उबरवाले, बँकेतली बाई, सगळे सॉफ्टबॉलवरच बोलत होते आणि मला वाटायचं अरे, आमच्याकडे सॉफ्टबॉल म्हटलं की लोक विचारायचे बॉल खरंच सॉफ्ट असतो का.

आता मुख्य प्रश्न, टीममध्ये घेतील का. सरळ सांगते, एमएसला येत असाल तर जवळजवळ नाहीच. कारण तुमचा खेळ कमी पडतो हे असेलही, पण त्याच्या आधी नियमच आडवा येतो. डिव्हिजन वनमध्ये चार सीझन खेळायला पाच वर्षं मिळतात आणि ती पाच वर्षं अमेरिकेत पाय ठेवल्यावर सुरू होत नाहीत, तुम्ही जगात कुठल्याही कॉलेजला फुल टाइम ॲडमिशन घेतली की तिथून सुरू होतात. म्हणजे जळगावला किंवा पुण्याला इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला बसलात त्या दिवसापासून घड्याळ चालू. चार वर्षं तिथे, मग एखाददुसरं वर्ष नोकरी, मग जीआरई, व्हिसा, इथे येईपर्यंत खेळ खल्लास. ज्यांना खरंच खेळायचंय त्यांनी बारावीनंतर लगेच यायचं असतं आणि त्याची तयारी दहावीपासून, एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला रजिस्ट्रेशन, मार्कशीटं, कोचला पाठवायला बॅटिंग-फिल्डिंगचे व्हिडिओ. शिवाय डिव्हिजन वन म्हणजेच सगळं जग नाही, डिव्हिजन टू आहे, एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आहे, दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं आहेत, तिथे बाहेरच्या देशातल्या मुलींना जास्त वाव असतो. डिव्हिजन थ्रीमध्ये मात्र खेळाची स्कॉलरशिप नसते, तिथला कोच कितीही गोड बोलला तरी फीचं गणित आधी मांडा. मोठ्या कॉलेजांमध्ये तर आता एका टीमला जास्तीत जास्त २५ मुली अशी मर्यादा आलीय, त्यामुळे बेंचवर का होईना एक जागा, असलं काही राहिलेलं नाही.

आणि पैशाच्या बातम्या वाचून हुरळू नका. निजारी कॅनडी नावाची पिचर (बॉल टाकणारी) स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेकला गेली तेव्हा तिला वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर डील मिळालं, सॉफ्टबॉलमध्ये हे पहिल्यांदाच झालं. पण ती अमेरिकन. एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या खेळाडूला जाहिरात कर, दुकानाच्या कार्यक्रमाला जा आणि पैसे घे असं मोकळेपणी करता येत नाही, ते काम धरलं जातं.

मग आपण शिरायचं कुठून, तर स्कोअरिंगमधून. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळ्यांचा चेहरा पडतो, कारण आपल्याकडे स्कोअर लिहायला त्याच मुलीला बसवतात जिला खेळायला घेतलेलं नाही. इथे प्रत्येक कॉलेजला सीझनमध्ये पन्नासच्या आसपास मॅचेस, त्यातल्या घरच्या मॅचेसना प्रत्येक वेळी स्टॅट्स टाकणारं कुणीतरी लागतं, प्रत्येक बॉलची नोंद लाइव्ह सॉफ्टवेअरमध्ये जाते, तीच टीव्हीवर दिसते, तीच कोचकडे जाते, तीच रेकॉर्डबुकात कायमची राहते. आणि कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात पायथॉन येणारी शंभर मुलं सापडतील, पण वाइल्ड पिच (सुटलेल्या बॉलला चूक पिचरची) आणि पास्ट बॉल (चूक कॅचरची) यांतला फरक पळत्या मॅचमध्ये दोन सेकंदांत सांगणारी एक सापडत नाही. ती एक तुम्ही असू शकता. जी स्टेट खेळलीय तिला हा फरक झोपेतही कळतो, शिकायचं असतं ते फक्त लिहिणं.

एक प्रसंग सांगते म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते कळेल. २०२५ ची फायनल, टेक्सास विरुद्ध टेक्सास टेक, पहिली मॅच. मी स्टँडमध्ये, मांडीवर स्कोअरबुक, असं कागदावर लिहिणारी आजूबाजूला मी एकटी नव्हते, दोन रांगा पुढे एक आजोबा पण लिहीत होते. सहावी इनिंग, टेक १-० ने पुढे, कॅनडी पिच करतेय, टेक्सासच्या मुली सेकंड आणि थर्डवर, फर्स्ट बेस रिकामा आणि बॅटिंगला रीस ॲटवुड. अशा वेळी कोणीही करेल तेच टेकने ठरवलं, हिला मुद्दाम वॉक द्या, म्हणजे चार बॉल लांब टाकून फुकट फर्स्ट बेसला जाऊ द्या, बेस भरू देत, पुढचीला बघू. कॅचर बाहेर सरकून उभी, कॅनडी लांब लांब टाकतेय, लोक पॉपकॉर्न आणायला उठतायत. आणि त्यातला एक बॉल पुरेसा लांब पडला नाही. ॲटवुडने हात लांब करून तो लेफ्टला मारला, दोन रन आल्या, टेक्सासने मॅच २-१ ने घेतली. आजोबांनी चौकोनात आधीच वॉक लिहायला घेतला असावा, कारण ते खोडरबर शोधत होते. आता वहीत काय राहतं, तर डावीकडे साधा सिंगल (एका बेसचा फटका) आणि नावावर दोन आरबीआय, म्हणजे तिच्या फटक्यावर आलेल्या रन. वही वाचणाऱ्याला कधी कळणारही नाही की तो बॉल मारायचा नव्हताच. म्हणून कोचेसना नुसती वही पुरत नाही, त्यांना बॉल कुठे पडला, किती वेगाने आला, कसा वळला हे पण लागतं, आणि तिथे ॲनालिटिक्सवाल्यांची नोकरी सुरू होते.

त्याच फायनलची दुसरी बाजू पण बघा. कॅनडीने त्या वर्ल्ड सिरीजमध्ये टेकचा प्रत्येक बॉल स्वतः टाकला होता, दुसरी मॅच टेकने ४-३ ने काढली, आणि तिसऱ्या मॅचच्या पहिल्याच इनिंगमध्ये टेक्सासने पाच रन ठोकल्यावर तिला बाहेर काढावं लागलं. टेक्सास १०-४ ने जिंकली, त्यांचं पहिलंच टायटल. अंडरआर्म टाकतात म्हणून रोज टाकता येतं असं सगळे म्हणतात, मी पण लहानपणापासून तेच ऐकत आलेय, पण समोरची टीम दोन दिवस सतत तोच हात बघते आणि तिसऱ्या दिवशी तिला बॉल हातातून सुटतानाच कळायला लागतो, हे पण खरं आहे. कोणती पिचर किती वेळा दिसल्यावर मार खाते, हा इंटरव्ह्यूमध्ये बोलायला चांगला विषय आहे, तयार करून जा. डेटा पब्लिक असतो, कॉलेजच्या साइटवर प्रत्येक मॅचचा प्ले-बाय-प्ले मिळतो, दोन वीकेंडमध्ये छोटा प्रोजेक्ट होतो आणि रेझ्युमेवर सगळेच सरावाला घेतात त्या टायटॅनिकच्या डेटासेटपेक्षा हजारपट बरा दिसतो.

कागदपत्रांचं नीट वाचा, इथे गंमत नाही. एफ-वनवर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांपर्यंत करता येतं. युनिव्हर्सिटीचं ॲथलेटिक्स डिपार्टमेंट तुम्हाला पगार देत असेल तर ते कॅम्पसवरचंच काम. स्टॅट्स टाकणं, ब्रॉडकास्टला कॅमेरा धरणं, रिप्ले, ग्राफिक्स, स्कोअरबोर्ड चालवणं, या सगळ्याला विद्यार्थीच असतात, कारण बहुतेक घरच्या मॅचेसचं स्ट्रीमिंग कॉलेजच करतं. पण ओक्लाहोमा सिटीतल्या वर्ल्ड सिरीजला काम करणं म्हणजे कॅम्पसबाहेर, तिथे पगार घ्यायचा तर सीपीटी (शिकताना कोर्सचा भाग म्हणून काम) किंवा ओपीटी (मुख्यतः डिग्रीनंतर आपल्या विषयातलं काम) यांची परवानगी लागते. आणि "मी फुकट करते ना" हे उत्तर चालत नाही, ज्या कामाला एरवी पगार असतो ते फुकट केलं तरी नियम मोडतो. सगळ्यांनाच बिनपगारी असलेलं खरंखुरं व्हॉलंटिअरचं काम वेगळं, पण तेही आधी आपल्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाकून, लेखी उत्तर घेऊनच करायचं. सीनिअर म्हणाला चालतं, यावर जाऊ नका.

कोर्स निवडतानाचं एक. स्पोर्ट मॅनेजमेंटला ॲडमिशन पटकन मिळते आणि नाव पण छान वाटतं, पण ते साधारणपणे स्टेममध्ये, म्हणजे सायन्स-इंजिनिअरिंग-गणिताच्या विषयांत, येत नाही, म्हणजे ओपीटी १२ महिन्यांचंच. स्टॅटिस्टिक्स किंवा डेटाचा कोर्स केला तर वर २४ महिने वाढवून मिळतात. शिवाय युनिव्हर्सिटीत नोकरी लागली तर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागायची वाट बघावी लागत नाही, युनिव्हर्सिट्या त्या कोट्याबाहेर असतात. पगार आयटीपेक्षा कमी, वीकेंड तुमचे नसतात, फेब्रुवारी ते जून लग्नं-मुंजी सगळं बुडतं, आईला हे अजून पटलेलं नाही. मला चालतं.

आता बघायला जायचं असेल तर. स्टेडियमचं नाव डेव्हन पार्क, आधी यूएसए सॉफ्टबॉल हॉल ऑफ फेम स्टेडियम म्हणायचे, प्राणिसंग्रहालयाच्या बाजूलाच आहे, साधारण १३,००० लोक मावतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं सॉफ्टबॉल पण इथेच होणार आहे, ऑलिंपिक कॅलिफोर्नियात आणि सॉफ्टबॉल ओक्लाहोमात. गाडीशिवाय यायचा विचार करू नका, चौघींनी मिळून भाड्याने घ्या. पारदर्शक बॅगच आत नेता येते. ऊन आपल्या जळगावसारखं, टोपी-पाणी हवंच, पण खरा त्रास वादळाचा. मेच्या शेवटी इथे कधीही विजा सुरू होतात आणि विजा दिसल्या की मॅच थांबते, सगळ्यांना आडोशाला जायला सांगतात, २०२१ ला तर अशाच पावसाने लांबलेली एक मॅच रात्री दोननंतर संपली होती. त्यामुळे परतीचं विमान त्याच रात्रीचं काढू नका. फायनलचं तिकीट महाग, पहिल्या दोन दिवसांचं स्वस्त आणि तेव्हा आठही टीम्स बघायला मिळतात, मी तर म्हणते पहिल्या गुरुवारीच जा.

तिकीट होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभी राहते त्या जागेच्या, मागचं शोधू नका, थर्ड बेसच्या बाजूचं बघा, तिथून पिचरची पकड आणि बऱ्याचदा एका डगआउटमधल्या (टीमच्या बाकावरच्या) मुली दिसतात. त्या सात इनिंग एक सेकंद गप्प बसत नाहीत, प्रत्येक बॅटरचं वेगळं गाणं.

कामासाठी मेल पाठवायची वेळ ऑगस्ट, जानेवारी नाही. सीझन फेब्रुवारीत सुरू होतो आणि माणसं सप्टेंबरपर्यंत ठरलेली असतात. मेल स्पोर्ट्स इन्फर्मेशन किंवा ॲथलेटिक कम्युनिकेशन्स ऑफिसला, कोचला नाही, कोचला रोज शंभर येतात. मेल चार ओळींचा: कोण आहे, कोणत्या लेव्हलला खेळलेय, स्कोअरिंग येतं, आठवड्यात कोणत्या वेळा मोकळी आहे. सोबत स्वतः लिहिलेल्या एका पूर्ण मॅचच्या स्कोअरशीटचा स्वच्छ फोटो. जुनी मॅच यूट्यूबवर लावून लिहिलेली असली तरी चालते, फक्त शेवटी दोन्ही बाजूंचा हिशोब जुळला पाहिजे, म्हणजे बॅटिंगला आलेल्या एकूण मुली बरोबर रन अधिक आउट अधिक बेसवर अडकलेल्या. तो जुळत नसेल तर पाठवू नका, तिथे पहिल्यांदा तेच तपासतात.