लग्नाला पाहुणे म्हणून जाताय? कपड्यांच्या या चुका टाळा

लग्न उद्यावर आलं असताना संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या माणसांचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. अल्टरेशनचं काम करता करता बरीच वर्षं गेली, पण पिशवीतून निघणाऱ्या चुका त्याच आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उभ्या-उभ्या केलेली ट्रायल. आरशासमोर पोट आत ओढायचं, श्वास धरायचा आणि म्हणायचं, ‘छान बसलाय.’ लग्नात तुम्ही सहा-सात तास असता. बसता, वाकता, जिने चढता, गळाभेटी घेता, फोटोसाठी हात वर करता. म्हणून ट्रायलच्या वेळी मी प्रत्येकाला पाच मिनिटं खुर्चीवर बसवते, मग दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगते. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, काचतोय की नाही, ते तेव्हाच कळतं. सूट घेत असाल तर आधी खांदा बघा. बाहीची लांबी, कमरेचा घेर हे सगळं जमवता येतं. खांदा मात्र नीट बसत नसेल, तर कोट तिथेच परत ठेवा. तो दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवणं आलं, आणि एवढं करून मूळची बैठक येईलच असं नाही.

‘तोवर वजन कमी करणारच आहे’ म्हणून एक साईज लहान घेऊ नका. तयार कपड्यात आत दाब, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, फार थोडा ठेवलेला असतो. सैल कपडा घट्ट करता येतो. घट्ट सैल करायला आत कापडच नसेल तर मी कुठून आणू?

आता चपलांचं. एकदा शेजारची मुलगी पायघोळ सॅटिनचा गाऊन घेऊन आली. लग्नाला दोन दिवस होते आणि ती अनवाणी होती. ‘चपला उद्या घेणार आहे काकू, तीन इंच टाच धरा.’ मी धरली. मी तेव्हा नकार द्यायला हवा होता, हे मला आजही वाटतं. दुसऱ्या दिवशी तिला आवडल्या त्या सपाट चपला. लग्नाला मीही होते. जिना चढताना तिचा पाय घेरावर पडला आणि कमरेची शिवण हातभर उसवली. बाजूच्या खोलीत बसून मी ती टाचून दिली, पण तेवढ्यात मुख्य विधी आटोपला. सख्ख्या मैत्रिणीचं लग्न होतं ते. पोरगी रडवेली झाली होती, आणि घाई तिची असली तरी मलाही फार वाईट वाटलं.

तेव्हापासून चप्पल पायात नसेल तर मी खडू हातात घेत नाही. कुणी कितीही गयावया केली तरी नाही. सॅटिनवर सुईच्या खुणा राहतात, त्यामुळे एकदा घातलेली खालची शिवण उसवून हलवली की जुनी रेघ दिसते. चपला संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी नेमका बसलेला जोड रात्री चावतो. घरात चार दिवस वापरा. समारंभ हिरवळीवर असेल तर बारीक टाच मातीत रुतते, रुंद टाच बरी.

कापडाचं नाव वाचून फसू नका. सॅटिन हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नव्हे. ते रेशमाचं असू शकतं तसं पॉलिएस्टरचंही, आणि स्वस्तातलं बहुधा पॉलिएस्टरचंच असतं. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत रेशीम स्वतःच्या वजनाच्या साधारण ११ टक्के ओलावा धरतं, सूत ८.५ टक्के, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. गर्दीत, दिव्यांखाली घामाचं काय होणार, ते या आकड्यांतच आहे. आतलं लेबल वाचा, आणि अस्तराचंही विचारा. वरचं कापड रेशमी आणि अस्तर पॉलिएस्टरचं असेल तर अंगाला अस्तरच लागणार ना! लिनन हवेशीर असतं, पण लांबच्या गाडीप्रवासानंतर ते चुरगळलेलंच दिसेल. पोहोचल्यावर कपडे बदला.

रंग खिडकीपाशी नेऊन बघा. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. पातळ कापडाचा घरी फ्लॅश लावून एक फोटो काढा. आरशात न दिसणारं आरपार त्यात दिसतं.

पत्रिकेवर ड्रेस कोड लिहिला असेल तर तो पाळा. कळला नाही तर यजमानांना विचारा.

नव्या कोटाच्या मागच्या चिरेवर फुलीचे कच्चे टाके असतात. ते फक्त दुकानापुरते असतात, घालण्याआधी कापून काढा.

अत्तर आधी लावा, वाळू द्या, मगच रेशीम अंगावर घ्या.

ऑनलाइन मागवताना अंगाचं माप धरून अंदाज बांधत बसू नका. तुम्हाला उत्तम बसणारा कपडा टेबलावर सपाट पसरून मोजा आणि कपड्याच्या दिलेल्या मापाशी ताडून बघा. हातात तीन आठवडे ठेवा.

पर्समध्ये सुई, त्याच रंगाचा दोरा आणि दोन सेफ्टी पिना असू द्या. पिन टोचायची ती शिवणीवर, मोकळ्या रेशमावर नाही. तिथलं भोक बुजत नाही.