काठमांडूचं विमान गाठताना या चुका टाळा

रत्नागिरी ते काठमांडू असं मोबाईलवर शोधलं की अंतर येतं साधारण १,७०० किलोमीटर आणि वेळ दोन तासांच्या आसपास. हा नुसता भागाकार आहे: नकाशावरचं सरळ अंतर भागिले विमानाचा वेग. रत्नागिरीहून काठमांडूला थेट विमानच नाही. मुंबईहून सरळ अंतर सुमारे १,६०० किलोमीटर आणि थेट विमानाला पावणेतीन-तीन तास. दिल्लीत विमान बदलायचं असेल तर अख्खा दिवस धरा.

पण कोकणातल्या माणसाचा घोळ विमानात बसण्याआधीच होतो. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने धावतात, त्यामुळे मे महिन्यातल्या अनुभवावर ऑगस्टचं तिकीट काढू नका. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल तर बोलायलाच नको, त्यातही गणपतीत! आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं असतं आणि काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. सकाळचं विमान असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम करा. गाडीला उशीर होतोय असं दिसलं तर विमानतळ गाठेपर्यंत थांबू नका, वाटेतूनच कंपनीला फोन लावून तारीख बदलता येते का विचारा. विमान सुटल्यावर तिकिटाचे पैसे जवळपास बुडालेच. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय, त्यामुळे तिकिटावर कुठलं नाव आहे ते वाचा. पनवेलला उतरायचं की पुढे दादर-ठाण्याला, हे त्यावरच ठरतं.

तिकिटावरच्या वेळा सरळ वजा करणं ही दुसरी गल्लत. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं. समजा, विमान दुपारी १२ ला मुंबईहून निघून ३ ला काठमांडूला पोचतं, तर प्रवास झाला पावणेतीन तासांचा. परतीला ४ ला निघून पावणेसातला मुंबई असेल, तर दिसतात पावणेतीन पण लागतात तीन. परतीला पश्चिमेचा वारा समोरून येतो, हिवाळ्यात तो जास्तच जोरात.

त्यातच काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच, सभोवती डोंगर आणि हिवाळ्यात सकाळचं धुकं. विमानं आकाशात घिरट्या घालत बसतात. 'संध्याकाळी मुंबईत उतरू आणि रात्रीची कोकणकन्या पकडू' हा बेत कागदावरच बरा दिसतो. दिल्लीमार्गे जाणार असाल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगळी काढलीत आणि पहिल्याला उशीर झाला, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणून बरेच जण फक्त आधार कार्ड घेऊन निघतात. ते १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना चालतं. बाकीच्यांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. १५ ते १८ वयाच्या मुलांकडे पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळख प्रमाणपत्र लागतं. ते मे महिन्याच्या सुट्टीआधीच घेऊन ठेवा, नंतर शाळेला कुलूप असतं.