भुईमुगात अफ्लाटॉक्सिन होऊ नये म्हणून: काढणी, वाळवण आणि साठवण

कोल्हापूर जिल्ह्यात खरिपाचा भुईमूग बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणीला येतो आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस डोक्यावर असतो. ओलसर, उबदार हवेत शेंगेवर अस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी वाढते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा ब्राझीलहून आणलेल्या शेंगदाणा पेंडीतून या विषाचा माग लागला. 1974 साली राजस्थान आणि गुजरातमध्ये बुरशी लागलेला मका खाण्यात आल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. बुरशी झटकता येते, दाण्यात उतरलेले विष मात्र धुऊन जात नाही आणि भाजल्यानेही पूर्ण नष्ट होत नाही, म्हणून सगळी दक्षता आधीच घ्यावी लागते.

शेतात सुरुवात करायची ती काढणीपूर्वीच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांपासून. या काळात पावसाने ओढ दिली आणि जमीन तापली, तर बुरशी मातीतूनच शेंगेत शिरते; शक्य असेल तेथे एक संरक्षित पाणी द्यावे. आंतरमशागत करताना शेंगांना खुरप्याचा घाव लागू देऊ नये.

वेल उपटल्यावर माती झटकून शेंगा वरच्या बाजूस राहतील असे ते उलटे पसरावेत. ओल्या वेलांचा ढीग घालणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण ढिगाच्या पोटात ऊब धरते. तोडलेल्या शेंगा खळ्यावर किंवा ताडपत्रीवर पातळ थरात वाळवाव्यात, दिवसातून अनेकदा परताव्यात आणि संध्याकाळी दवापासून झाकाव्यात, मात्र सकाळी झाकण काढण्यास उशीर करू नये. पाऊस लागलाच तर शेडखाली पसरून पंखा लावावा. शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळला आणि बोटांनी चोळताच त्याची लाल साल सुटली, म्हणजे वाळवण बरीच झाली. तरीही ओलावामापकाने शेंगेतील ओलावा सुमारे 8 टक्क्यांपर्यंत आल्याची खात्री करणे उत्तम.

साठवण दाण्यांची न करता शेंगांची करावी, कारण टरफल हे दाण्याचे संरक्षण आहे. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. दाणे फुटू नयेत म्हणून टरफल काढण्याच्या यंत्रात घालण्यापूर्वी शेंगांवर पाणी शिंपडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. इतक्या कष्टाने वाळवलेला माल त्याने पुन्हा ओला होतो. शिंपडावेच लागले तर टरफलातून काढलेले दाणे त्याच दिवशी वाळवावेत.

नंतर सुरकुतलेले, काळवंडलेले, किडके आणि बुरशीचे दाणे निवडून काढावेत. हे दाणे चटणीत घालू नयेत, हे सांगावे लागत नाही. पण तेच घाण्यावर पाठवले जातात, तेव्हा विषाचा बराचसा भाग पेंडीत राहतो आणि थोडा कच्च्या तेलातही उतरतो. पेंड म्हशीच्या वैरणीत गेली की अफ्लाटॉक्सिनच्या बी-1 या प्रकाराचा काही अंश एम-1 या दुसऱ्या प्रकारात बदलून दुधात येतो आणि दूध उकळल्याने तो जात नाही. घरोघरी दूध डेअरीला घालणाऱ्या या जिल्ह्यात ही वाट दुर्लक्षून चालणार नाही. दूषित पेंड बंद केल्यास काही दिवसांत दूध निवळते. असे दाणे जनावरांना किंवा कोंबड्यांना न घालता नष्ट करावेत. नुकसान वाटते, पण तेच स्वस्त पडते.

विक्रीपूर्वी तपासणी करायची असल्यास नमुना एकाच पोत्यातून घेऊ नये. हजारो दाणे निर्दोष असताना एखाद्याच दाण्यात प्रचंड विष असू शकते, म्हणून अनेक पोत्यांतून, वर-मध्ये-तळाशी हात घालून मोठा नमुना गोळा करावा, तो सगळा दळून एकजीव करावा आणि त्यातील भाग एलायझा या विषाचे प्रमाण मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीसाठी द्यावा. प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिनची भारतातील मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम, थेट खाण्याच्या मालात 10, तर दुधात एम-1 ची 0.5 मायक्रोग्रॅम आहे.